सहा पॉइंट चार: पिचफोर्कची बदलती पानं आणि त्यांचे वाचक

वेबसाइटींना नवं रूप देणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. या धंद्यात एक वाक्य प्रत्येक बैठकीत कुणीतरी बोलतंच: "पंधरा दिवस बोंब मारतील, मग होते सवय." बोलणारा बहुतेक वेळा खरा ठरतो, म्हणून तर हे वाक्य इतकी वर्षं टिकलंय. पण अधूनमधून असा एखादा बदल होतो की पंधरा दिवस काय, पंधरा महिने लोक तोच विषय चघळत बसतात. आणि कधी बोंब होतच नाही. माणसं चपला घालून गुपचूप निघून जातात. ते तर जास्त वाईट.

कुठल्या बदलाला काय प्रतिसाद मिळेल हे आधी ओळखता येतं का, असं कुणी विचारलं की मी पिचफोर्कची गोष्ट सांगतो. तिथे वीस-पंचवीस वर्षांत रूप बदललं, मालक बदलला, संपादक बदलले, आणि वाचक ज्या ज्या वेळी पेटले त्या त्या वेळी ते रंग-रेषांवरून फारसे पेटले नाहीत.

पिचफोर्क हे अमेरिकेतलं संगीताचं नियतकालिक, पण कागदावर जन्मलेलं नव्हे. १९९६ मध्ये मिनियापोलिसजवळच्या उपनगरात राहणाऱ्या रायन श्रायबर नावाच्या, विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलाने ते घरी बसून सुरू केलं. शाळा संपलेली, रेकॉर्डच्या दुकानातला अनुभव गाठीला, लिहिण्याचा अनुभव नाही. आधी नाव होतं टर्नटेबल. ते दुसऱ्या एका साइटचं निघालं म्हणून पिचफोर्क, म्हणजे गवत उचलायचं लांब दांड्याचं दाताळं. १९९९ मध्ये श्रायबर शिकागोला गेला आणि पिचफोर्क त्या शहराचं झालं.

मी ते वाचायला लागलो पुण्यातल्या एका सायबर कॅफेत, तासावर पैसे मोजून. पान उघडायला वेळ लागायचा. आधी अक्षरं यायची, मग अल्बमच्या मुखपृष्ठाचं चित्र वरून खाली, पडदा सोडल्यासारखं उलगडत जायचं. आकडा मात्र अक्षरांबरोबरच यायचा. तेवढा बघायचा आणि बाकीचं वाचायचं की नाही ते ठरवायचं, कारण घड्याळ चालू असायचं. जगभर हजारो मुलं थोड्याफार फरकाने हेच करत असणार.

तो आकडा

पिचफोर्क प्रत्येक अल्बमला शून्य ते दहामध्ये गुण देतं, आणि तेही दशांशात. म्हणजे ०.० पासून १०.० पर्यंत एकशे एक पायऱ्या. रोलिंग स्टोन मासिक पाच तारे द्यायचं, ब्रिटिश साप्ताहिकं दहापैकी पूर्णांकात गुण द्यायची. त्यात ही एक साइट म्हणणार की हा अल्बम ८.३ आणि तो ८.४. हा फरक नक्की कशाचा, हे लिहिणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. ज्यांचं अकरावीचं कॉलेज दशांशाच्या टक्क्यावर ठरलं त्या आपल्यासारख्यांना मात्र त्या फरकाची ताकद वेगळी समजावून सांगावी लागत नाही. (आपल्याकडे मैफलीच्या परीक्षणात गुण देण्याची पद्धत पडली नाही हे नशीबच. सवाई गंधर्वमधल्या एखाद्या तोडीला कुणी ७.९ दिले असते, तर मंडपाच्या दारात काय झालं असतं याची कल्पनाच केलेली बरी.)

ऑक्टोबर २००० मध्ये रेडिओहेडच्या 'किड ए' या अल्बमला १०.० मिळाले. परीक्षणाची भाषा इतकी भारावलेली होती की लोकांनी तिची यथेच्छ टिंगल केली, आणि टिंगल करता करता पिचफोर्कचा पत्ता एकमेकांना दिला. २००३ च्या सुरुवातीला टोरोंटोच्या ब्रोकन सोशल सीन या फारशा कुणाला माहीत नसलेल्या बँडला ९.२ मिळाले आणि त्यांचे कार्यक्रम भरू लागले. २००४ मध्ये आर्केड फायरच्या 'फ्युनरल'ला ९.७. त्याच वर्षी ट्रॅव्हिस मॉरिसनच्या 'ट्रॅव्हिस्तान'ला ०.०. मॉरिसन काही ऐरागैरा नव्हता. त्याच्या आधीच्या बँडचं याच साइटने भरभरून कौतुक केलेलं. त्या शून्यानंतर टेक्सासमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानाने सुरुवातीला तो अल्बम ठेवायलाच नकार दिल्याचं पुढे छापून आलं. दुकानदाराने गाणी ऐकायच्या आधी आकडा ऐकला होता.

साइटला आपल्या या चौकटीची ताकद पक्की माहीत होती, इतकी की ती चौकटीशी खोड्या करायची. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेट या बँडच्या अल्बमचं परीक्षण म्हणून एकही शब्द लिहिला नाही. स्वतःची लघवी पिणाऱ्या चिंपांझीचा व्हिडिओ चिकटवला, वर ०.०. ब्लॅक किड्स या बँडला २००७ मध्ये पहिल्याच छोट्या ध्वनिमुद्रिकेसाठी ८.४ देऊन डोक्यावर घेतलं, आणि वर्षभराने पूर्ण अल्बम आला तेव्हा मजकुराच्या जागी दोन पग कुत्र्यांचा फोटो, खाली 'सॉरी', आणि ३.३. क्रूरच प्रकार. पण मांडणी करणाऱ्याच्या नजरेने बघा: मजकूर पूर्ण काढून टाकला तरी ते पान परीक्षण म्हणून ओळखू येत होतं. मुखपृष्ठ, नाव, आकडा. एवढं जागेवर असलं की मधे काहीही ठेवा.

२००३ पासून या आकड्याला एक बिल्ला जोडला गेला: बेस्ट न्यू म्युझिक. निवडक अल्बमांवरच तो लागायचा. छोट्या बँडसाठी हा बिल्ला म्हणजे गाडीभाड्याची सोय.

कौतुक झालं ते रूप

साइटचं रूप या काळात अनेकदा बदललं. सगळ्यात देखणं काम झालं ते २०१२-१३ मध्ये. 'कव्हर स्टोरी' नावाने त्यांनी काही मोठ्या मुलाखती अशा मांडल्या की खाली सरकत जाल तशी चित्रं हलायची, मजकूर त्यांच्या अंगावरून वाहत जायचा. २०१२ मध्ये बॅट फॉर लॅशेस, २०१३ मध्ये डाफ्ट पंक. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ती पानं उघडून आतला कोड बघितला असेल; मी तर बघितलाच. २०१३ मध्ये अमेरिकेतला नॅशनल मॅगझिन अवॉर्ड, डिजिटल माध्यमातल्या सर्वसाधारण गुणवत्तेसाठीचा, पिचफोर्कला मिळाला. कागदी जगाने या पोराला पंगतीत घेतलं ते तेव्हा.

या पानांचं कौतुक खूप झालं आणि विषय संपला. ती जेव्हा येईनाशी झाली तेव्हा त्यांच्यासाठी कुणी गळा काढल्याचं माझ्या पाहण्यात नाही. एकेका पानामागे चित्रकार, छायाचित्रकार, प्रोग्रॅमर अशी फौज. मोबाइलच्या उभ्या पडद्यावर त्यातली निम्मी गंमत जायची. वाचक तिथे पाहुणा म्हणून आला, "वा" म्हणाला आणि परत आपल्या नेहमीच्या जागी, रोजच्या चार-पाच परीक्षणांच्या रांगेत जाऊन बसला.

हे मला पुढे माझ्याच कामात उमजलं. काही वर्षांपूर्वी आम्ही शास्त्रीय संगीताच्या एका त्रैमासिकाची साइट नव्याने केली. मोठी छायाचित्रं, सुबक अक्षर, जुन्या लेखांचा शोध, सगळं. दुसऱ्या दिवशी सांगलीहून एका ज्येष्ठ वाचकाचा फोन.

"अहो, तुमच्या पानावर डावीकडे कार्यक्रमांची यादी असायची. ती बंद केलीत का?"

"नाही काका, आहे ना. वर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत, त्यावर दाबा."

"त्या रेघा होय! मला वाटलं, काहीतरी पुसायचं राहिलंय."

त्यांच्या लेखी डावीकडची ती यादी म्हणजेच आमचं त्रैमासिक होतं. लेख ते कागदावर वाचत. मी यादी परत डावीकडे आणली. छायाचित्रांबद्दल काका पुढेही कधी एक शब्द बोलले नाहीत.

मालक बदलला

ऑक्टोबर २०१५ मध्ये कॉन्डे नास्टने पिचफोर्क विकत घेतलं. व्होग, न्यूयॉर्कर, जीक्यू, वायर्ड यांचा हा मालक. खरेदीच्या बातमीसोबत कंपनीच्या डिजिटल प्रमुखाचं, फ्रेड सांटार्पियाचं, एक वाक्य न्यूयॉर्क टाइम्समध्ये आलं: या साइटमुळे नव्या पिढीतल्या पुरुषांचा एक अतिशय उत्कट वाचकवर्ग आपल्याकडे येतोय, अशा अर्थाचं.

साइटवर एक टिंबही हललं नव्हतं आणि वाचक भडकले. बायका विचारू लागल्या, आम्ही इतकी वर्षं काय वाचत होतो? साइटसाठी लिहिणाऱ्या बायकांनी विचारलं, आणि आम्ही कोणासाठी लिहीत होतो?

सांटार्पियाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. २०१२ मध्ये पिचफोर्कने वाचकांकडून मागच्या पंधरा वर्षांतल्या आवडत्या अल्बमांची यादी मागवली होती. जवळपास २८ हजार लोकांनी कौल दिला आणि त्यात ८८ टक्के पुरुष होते. म्हणजे माणूस आकड्याच्या दृष्टीने अगदीच चुकीचं बोलत नव्हता. पण जाहिरातदाराला दाखवायचा वाचक आणि स्वतःला वाचक म्हणवणारा माणूस यांची गल्लत त्याने चारचौघांत केली. घरच्या लग्नाची आमंत्रणं किती गेली हे केटररला सांगायचं असतं, पाहुण्यांना नाही.

२०१६ नंतरच्या नव्या मांडणीत गुणांचा आकडा एका वर्तुळात जाऊन बसला. पुढे हळूहळू कॉन्डे नास्टच्या सगळ्या प्रकाशनांसारखंच पिचफोर्कही कंपनीच्या सामायिक तांत्रिक चौकटीवर आलं. मालकाच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच. दहा साइटी असतील तर दहा वेगवेगळे स्वयंपाकघरं कशाला? एकच भटारखाना, ताटं वेगळी. जाहिरातीच्या जागा ठरलेल्या, पान उघडण्याचा वेग ठरलेला, दुरुस्ती एकदा केली की सगळीकडे लागू. किंमत एवढीच की पिचफोर्कचं पान, वायर्डचं पान आणि पाककृतींच्या साइटचं पान ही एकाच घरातली भावंडं दिसायला लागतात. नाक-डोळे तेच, टोपी वेगळी. मला हे मनापासून आवडत नाही, पण माझ्याकडे कुणी दहा साइटींचं काम घेऊन आलं तर मीही हेच सुचवीन.

वाचकांचं काय? थोडी कुरकुर, जाहिरातींच्या नावाने थोड्या शिव्या, आणि गाडी पुढे. बैठकीतलं ते वाक्य इथे तंतोतंत खरं ठरलं. आकडा वर्तुळात आला काय नि चौकोनात, तो आकडाच होता आणि पहिल्या नजरेत दिसत होता.

याच काळात खरा बदल मजकुरात होत होता. गिटारवाल्या गोऱ्या पोरांचे बँड ही साइटची जुनी ओळख. आता हिप-हॉप, आर अँड बी, पॉप आणि इंग्रजीपलीकडचं संगीत यांना जागा वाढली, लिहिणाऱ्यांत बायका वाढल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये श्रायबरने मुख्य संपादकपद सोडलं आणि त्या जागी पूजा पटेल आल्या. जुन्या खोडांना हे पचायला जड गेलं. २०१४ मध्ये टेलर स्विफ्टच्या '१९८९' या अल्बमचं परीक्षण या साइटने केलंच नव्हतं. वर्षभराने रायन अ‍ॅडम्स या गायकाने तोच अल्बम आपल्या आवाजात गायला, त्याचं मात्र केलं. बाईने गायलेलं दखलपात्र नाही, तेच पुरुषाने गायलं की आहे, असा त्याचा सरळ अर्थ लोकांनी काढला. ऑगस्ट २०१९ मध्ये साइटने स्विफ्टच्या पहिल्या पाच अल्बमांची परीक्षणं एका दिवसात टाकून ती थकबाकी चुकती केली. चिडलेले लोक म्हणाले, पिचफोर्क विकलं गेलं. २०२० मध्ये तिच्या 'फोकलोर'ला ८.० मिळाले, तेव्हा उलट्या बाजूने आग लागली: आठच? परीक्षण लिहिणाऱ्या बाईंना धमक्या आल्या. परीक्षण चांगलं होतं, कौतुकाचं होतं. पण मेटाक्रिटिकसारख्या साइटी सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढतात, आणि ८.० तिथे ऐंशी होऊन ती सरासरी खाली ओढतो. म्हणजे भांडण त्या आठाशीही नव्हतं, दुसऱ्याच पानावर त्याचं जे होतं त्याच्याशी होतं.

एकोणीस अल्बम

ऑक्टोबर २०२१ मध्ये पंचविसावं वर्ष साजरं करताना संपादकांनी एक लेख प्रसिद्ध केला: जुन्या परीक्षणांपैकी एकोणीस अल्बमांना आज आम्ही किती गुण देऊ? कल्पना खेळकर होती. या सगळ्या प्रकरणात मला सर्वात शिकण्यासारखी वाटते ती हीच.

डाफ्ट पंकच्या 'डिस्कव्हरी'ला २००१ मध्ये ६.४ मिळाले होते. आता ते झाले १०. यात धक्का बसण्यासारखं काय होतं? याच साइटने २००९ मध्ये दशकातले सर्वोत्तम अल्बम निवडताना 'डिस्कव्हरी' तिसऱ्या क्रमांकावर ठेवला होता. म्हणजे बारा वर्षांपूर्वीच त्यांनी स्वतःचं मत उघडपणे बदललं होतं. यादी लावली तेव्हा कुणी "अरे, मग त्या ६.४ चं काय?" असं गळपट्टी धरून विचारलं नाही. आकड्याला हात लावला आणि रान पेटलं.

इंटरपोल या न्यूयॉर्कच्या बँडचा 'टर्न ऑन द ब्राइट लाइट्स' हा पहिला अल्बम. २००२ मध्ये ९.५, आणि त्या वर्षाच्या यादीत पहिला क्रमांक. तो आता ७.०. ज्यांनी विशीत त्या ९.५ च्या भरवशावर तो अल्बम विकत घेतला, पाठ केला, त्यावर प्रेमात पडले नि मोडले, त्यांना चाळिशीत कळवलं जात होतं की तुमची गुणपत्रिका तपासताना चूक झाली होती. वाढलेले गुण लोकांनी एकवेळ सोसले. कमी झालेले सोसले नाहीत. बोर्डाच्या फेरतपासणीत गुण कमी झालेल्या पोराचा बाप आठवा.

तिसरा किस्सा लिझ फेअरचा. नव्वदच्या दशकात खडखडीत, स्वतःच्या अटींवर गाणी लिहिलेली ही बाई २००३ मध्ये हिट गाणी घडवणाऱ्या व्यावसायिक मंडळींना घेऊन एक चकचकीत पॉप अल्बम करते. पिचफोर्कने त्याला ०.० दिले. शून्य पूर्णांक शून्य. ते परीक्षण लिहिणारा तेव्हा अगदी कोवळा होता. २०१९ मध्ये त्याने लिझ फेअरची जाहीर माफी मागितली आणि तिने ती मोठ्या मनाने स्वीकारली. २०२१ च्या लेखात त्या शून्याचे ६.० झाले.

आता, वाचकांच्या प्रतिक्रियेचे मला तरी दोन सूर ऐकू आले. एक म्हणत होता, हा पळपुटेपणा आहे. तेव्हाचं मत तेव्हाचं होतं, त्याची जबाबदारी घ्या. दुसरा म्हणत होता, आकडे बदलायचेच असतील तर एकोणीसच का, ही घ्या आमची यादी. दोघांचंही एका गोष्टीवर एकमत होतं आणि ती गोष्ट दोघांपैकी कुणीच बोललं नाही: तो आकडा साइटच्या मालकीचा नाही. तो लिहिला त्यांनी, पण वापरला आम्ही. मित्रांशी भांडायला, पोरीवर छाप पाडायला, खिशातले शेवटचे पैसे कुठल्या सीडीवर घालायचे ते ठरवायला. ज्या वस्तूवर वाचकाचा हात इतकी वर्षं फिरलाय ती हलवताना त्याला विचारलं नाही की तो ओरडतो. माझ्या सांगलीच्या काकांची यादी आणि हा ६.४, जात एकच.

याच्या उलट बाजूची एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. सुरुवातीच्या वर्षांतली बरीच परीक्षणं पिचफोर्कच्या संग्रहातून कधीच काढून टाकली गेली आहेत. त्यातलं सगळ्यात बदनाम म्हणजे जॉन कोल्ट्रेनच्या जॅझ ध्वनिमुद्रणांचं परीक्षण. श्रायबरने ते जुन्या जॅझ क्लबमधल्या माणसाची नक्कल करत, त्या बोलीत लिहिलं होतं, आणि ते वाचताना आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. ते पान साइटवरून गेलं. पण जुनी पानं जपणाऱ्यांनी ते जपून ठेवलंय, आणि पिचफोर्कला टोमणा मारायचा असला की आवर्जून ते बाहेर काढलं जातं. त्याखाली त्यांनी स्वतःच दोन ओळी लिहिल्या असत्या, की तेव्हा आम्ही पोरं होतो आणि हे चुकलं, तर त्या टोमण्याची धार केव्हाच बोथट झाली असती.

जेव्हा पान तसंच राहिलं

१७ जानेवारी २०२४. कॉन्डे नास्टच्या मजकूर विभागाच्या प्रमुख अ‍ॅना विंटूर यांचं कर्मचाऱ्यांना पत्र गेलं: पिचफोर्कचा चमू जीक्यूच्या रचनेत विलीन होणार, पूजा पटेल कंपनी सोडणार. बऱ्याच जणांची नोकरी गेली; त्यांत वर्षानुवर्षं साइट सांभाळलेली माणसं होती. ही बातमी सांगण्याच्या बैठकीत विंटूर यांनी डोळ्यांवरचा गॉगल काढला नाही, असं नोकरी गेलेल्यांपैकी एकीने जाहीरपणे लिहिलं, आणि तो गॉगल त्या आठवड्याचं चित्र होऊन बसला.

त्या दिवशी पिचफोर्क उघडलं तर काय दिसत होतं? आदल्या दिवशी दिसत होतं तेच. तेच वर्तुळ, तीच रांग, तोच वरचा ठसा. रूपात शून्य बदल, आणि वाचकांचा प्रतिसाद आजवरचा सगळ्यात मोठा. लोकांनी मृत्युलेख लिहिले. कुठल्या परीक्षणामुळे कुठला बँड आयुष्यात आला याच्या आठवणी दिवसभर वाहत होत्या. ज्यांना कधीकाळी ४.१ मिळाले होते अशा गायक-वादकांनीही हळहळ व्यक्त केली. काहींनी, अर्थातच, पेढे वाटले.

शिवाय जीक्यू म्हणजे पुरुषांच्या पोशाखाचं, राहणीमानाचं मासिक. २०१५ मधलं ते 'पुरुष वाचकवर्गा'चं वाक्य लोक विसरले नव्हते. मधल्या आठ वर्षांत संपादकांनी साइटचं दार दोन्ही फळ्यांनी उघडलं, बायकांना लिहितं केलं, पॉप ऐकणाऱ्या मुलींना मान दिला, आणि शेवटी मालकाने तो सगळा संसार नेऊन ठेवला पुरुषांच्या कपाटात. कंपनीच्या हिशेबात ही खर्चाची जुळवाजुळव असेल. वाचकांना मात्र तो आठ वर्षांपूर्वीच्या वाक्याचा उत्तरार्ध वाटला, आणि मला त्यांची चूक दिसत नाही.

धंद्याच्या नजरेतून बघितलं तर कंपनीची अडचणही खोटी नाही. संगीताच्या परीक्षणाचं मूळ काम, हे विकत घ्यावं की नाही ते सांगणं, गाण्यांचा महिन्याचा हप्ता भरणाऱ्या माणसाला लागत नाही. त्याला ऐकून बघायला दीड मिनिट पुरतं, आणि फुकट. अल्गोरिदम त्याच्या कानात पुढचं गाणं स्वतःच ठेवतो. अँथनी फॅन्टानोसारखा माणूस कॅमेऱ्यासमोर बसून दहापैकी गुण देतो आणि लाखो लोक ते बघतात. मग पगारी लेखक, संपादक, तथ्य तपासणारे यांच्यासाठी पैसा आणायचा कुठून? शिकागोच्या युनियन पार्कमध्ये २००६ पासून भरणारा पिचफोर्कचा महोत्सव हे त्या प्रश्नाचं एक उत्तर होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं की २०२५ मध्ये तो शिकागोत होणार नाही.

तरीही साइट बंद पडली नाही. परीक्षणं येत राहिली, दर रविवारी एका जुन्या अल्बमचं सविस्तर परीक्षण येत राहिलं. २०२४ मध्येच मानो सुंदरेशन या तरुण लेखकाकडे संपादनाची सूत्रं गेली. नो बेल्स या नव्या, रासवट रॅपवर लिहिणाऱ्या ब्लॉगचा तो संस्थापक. श्रायबरच्या सुरुवातीची आठवण यावी अशी ही निवड. नोकरी गेलेल्या किंवा सोडलेल्या काही जणांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये हिअरिंग थिंग्ज ही स्वतःच्या मालकीची साइट काढली. म्हणजे वाचकांपुढे आता दोन घरं आहेत: एकात आकडा राहिला, दुसऱ्यात माणसं गेली. कोण कुठे वळलं हे मला बाहेरून मोजता येत नाही. मी दोन्हीकडे जातो, एवढं सांगू शकतो.

अलीकडे एका ग्राहकाला हे सगळं ऐकवलं. नवं रूप करायच्या आधी आपण दोन आठवडे फक्त एवढंच बघू, असं माझं म्हणणं होतं, की तुमचे रोजचे वाचक आल्या आल्या पहिला हात कशावर ठेवतात. त्याला ते पटलं नाही. दोन आठवड्यांचे पैसे कशाचे, हा त्याचा प्रश्न, आणि तो पैशाच्या बाजूने बरोबर होता. मग मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि पिचफोर्कवरचं लिझ फेअरचं २००३ मधलं परीक्षण शोधून दाखवलं. २०२१ मध्ये गुण सुधारले ते वेगळ्या लेखात. मूळ पानांना हात लावला नव्हता. मालक बदलले, तीन-चार मांडण्या झाल्या, ज्याने लिहिलं त्याने माफी मागितली, संपादकांनी सहा गुण दिले. पान मात्र नव्या कपड्यांत, वर्तुळात, तेच म्हणत होतं: ०.०.

"हे बदलत का नाहीत?" ग्राहकाने विचारलं.

"बदलून बघा," मी म्हटलं.